काठीवरचा कोबी

रॉटरडॅमच्या मावसबहिणीने व्हिडिओ कॉलवर खिडकीतलं नवं झाड दाखवलं. बुडाशी फुगलेलं खोड आणि शेंड्यावर मांसल पानांचा गुच्छ. कुणीतरी काठीवर कोबी खोचून ठेवलाय! शास्त्रीय नाव मात्र भारदस्त, ब्रिगॅमिया इन्सिग्निस. हवाईचे लोक त्याला आलुला म्हणतात. डच रोपवाटिकांत त्याची रोपं तयार होतात आणि युरोपभर विकली जातात, त्यामुळे तिला त्यात अप्रूप काहीच नव्हतं.

आलुलाचं मूळ गाव म्हणजे कवाई आणि निईहाऊ ही हवाईची दोन बेटं. कवाईला समुद्रातून वर येऊन पन्नासेक लाख वर्षं झाली. तिथला ना पाली किनारा म्हणजे थेट लाटांत उतरणारे काळे कडे. त्या कातळाच्या भेगांत मूठभर मातीवर आलुला उभा राहायचा. पाण्याची बेगमी खोडात. लांब नळीची पिवळसर, सुवासिक फुलं. एवढ्या खोल नळीत सोंड घालणारा एखादा मोठा पतंगच असणार, असा अंदाज. तो पतंग आता येत नाही.

१७७८ मध्ये कॅप्टन कुक निईहाऊवर आला आणि जाताना शेळ्या ठेवून गेला. भेट म्हणून! लाखो वर्षं शेळीच न पाहिलेल्या झाडापाशी बचावाला काटाही नव्हता. मग बाहेरून आलेलं तण, आणि १९९२ चं इनिकी चक्रीवादळ. २०१४ च्या सुमारास रानात एकच झाड उरल्याची नोंद झाली.

पण बी टिकलं. स्टीव्ह पर्लमन आणि केन वुड हे वनस्पतिशास्त्रज्ञ कमरेला दोर बांधून त्या कड्यांवर उतरायचे आणि कुंचल्याने या फुलातले पराग त्या फुलावर ठेवायचे. पतंगाची नोकरी माणसाने धरली, तीही लोंबकळत! रोपवाटिकांतल्या हजारो कुंड्यांचं मला म्हणूनच फारसं कौतुक वाटत नाही. ती सगळी मोजक्या झाडांची प्रजा, आणि कड्यावर परत लावायची तर शेळ्या आहेतच.

आपल्या सह्याद्रीतला देवनळ याच कुळातला. महाबळेश्वरच्या बाजूला त्याचे उंच पांढरे तुरे दिसतात, आणि त्यांच्यावर सूर्यपक्षी येतात. तिथे अजून कुणाला दोर बांधून उतरावं लागलेलं नाही.