तेलाच्या विहिरीशेजारचा पंप

शारजात नोकरीला लागल्यापासून सुट्टीवर रत्नागिरीला गेलं की एक वाक्य कानावर पडणार म्हणजे पडणारच. मिरकरवाड्याच्या जेटीवर, मारुती आळीत, लग्नाच्या पंगतीत, कुठेही. "तुमचं काय बाबा, तुमच्याकडे पेट्रोल पाण्याच्या भावात!" आता समोरच्याच्या गाडीचा काटा लालवर आलेला असताना त्याच्याशी वाद कुठे घालत बसायचा? हसून सोडून देतो. पण या खेपेला इतक्या जणांनी छेडलं की म्हटलं, एकदा सगळं लिहूनच टाकावं.

ते पाण्याचे दिवस गेले. ऑगस्ट 2015 पासून अमिरातीने इंधनावरचं अनुदान काढून घेतलं आणि दर जागतिक बाजाराला बांधले. दर महिन्याच्या अखेरीस एक समिती पुढच्या महिन्याचे भाव जाहीर करते. भाव चढणार असं कळलं की महिन्याच्या शेवटच्या रात्री इथल्या पंपांवर रांगा लागतात. ऑफिसातून येताना मीही त्या रांगेत असतो. पुढे एखादी पांढरी लँड क्रूझर, मागे डिलिव्हरीवाल्यांच्या मोटरसायकली, आणि सगळ्यांचे डोळे घड्याळाकडे. लँड क्रूझरवाल्याला पंधरा-वीस दिरहमचा फरक पडतो म्हणून तोही थांबतो, हे पाहून मला दर वेळी बरं वाटतं.

2022 साल आठवा. फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि मार्चमध्ये ब्रेंट क्रूड, म्हणजे जगातला भाव ज्यावरून मोजतात ते कच्चं तेल, पिंपाला 139 डॉलरला शिवून आलं. त्या जानेवारीत इथे सुपर 98, म्हणजे इथलं वरच्या दर्जाचं पेट्रोल, लिटरला 2.65 दिरहम होतं, म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने 54 रुपयांच्या आसपास. जुलैत ते 4.63 दिरहमला गेलं, म्हणजे जवळजवळ 100 रुपये. सहा महिन्यांत पाऊणपट वाढ! त्याच काळात मुंबईत काय झालं? जानेवारीत 109.98 रुपये होतं, एप्रिलमध्ये 120.51 झालं आणि जुलैच्या मध्यात 106.31 वर आलं. जगात तेलाला आग लागलेली असताना मुंबईचं पेट्रोल जानेवारीपेक्षा चक्क स्वस्त. आणि मग 2023 च्या जानेवारीत इथला भाव उतरून 2.78 दिरहम, साधारण 62 रुपये झाला, तेव्हा मुंबईत काटा होता तिथेच, 106.31. तो हलला थेट मार्च 2024 मध्ये, दोन रुपयांनी.

म्हणजे तेलाच्या विहिरीशेजारी राहणारा मी प्रत्येक चढउताराचे धक्के खातो, आणि बहुतेक सगळं तेल बाहेरून आणणाऱ्या देशातल्या तुम्हाला ते फारसे जाणवत नाहीत. उलटंच की.

याचं कारण लिटरच्या भावात काय काय भरलेलं असतं, त्यात आहे. क्रूडचं एक पिंप म्हणजे 159 लिटर. पिंप 80 डॉलरला आणि डॉलर 83 रुपयांना धरला, तर लिटरमागे नुसतं क्रूड 42 रुपयांच्या जवळपास. त्यावर जहाजाचं भाडं, रिफायनरीचा खर्च नि नफा, टँकरचं भाडं, पंपवाल्याचं कमिशन. इथे या सगळ्यावर 5 टक्के व्हॅट, संपलं. क्रूड दुप्पट झालं की पंपावरचा आकडाही त्याच्या मागोमाग धावणारच, कारण आकड्यात दुसरं काही फारसं नाहीच. अमेरिकेतही असंच. तिथे केंद्राचा कर गॅलनला, म्हणजे साधारण पावणेचार लिटरला, 18.4 सेंट आहे आणि 1993 पासून त्याला कुणी हात लावलेला नाही. म्हणून जून 2022 मध्ये त्यांचा देशभराचा सरासरी भाव गॅलनला 5 डॉलरच्या वर गेला तेव्हा तिकडे हाहाकार उडाला.

आपल्याकडे मे 2022 च्या कपातीनंतर पेट्रोलवर केंद्राचं उत्पादन शुल्क लिटरला 19.90 रुपये उरलं. ते क्रूडच्या भावावर ठरत नाही, आहे तितकंच राहतं. राज्याचा व्हॅट टक्क्यांत आहे, तो भाव चढला की आपोआप चढतो, शिवाय वर लिटरमागे ठरावीक रक्कम आहेच. एवढा मोठा भाग कराचा असला की क्रूडची टक्क्यांतली उडी पंपावर पोचेपर्यंत अर्धी विरते. आणि उरलेल्याची काळजी निवडणुका घेतात. कागदावर 16 जून 2017 पासून आपल्याकडे भाव रोज बदलतात. पण 4 नोव्हेंबर 2021 ते 21 मार्च 2022 या काळात, पाच राज्यांच्या निवडणुका होत्या तेव्हा, ते एका पैशाने हलले नाहीत. निकाल लागले, आणि 22 मार्चपासून सोळा दिवसांत चौदा वेळा वाढ करून लिटरमागे दहा रुपये वसूल झाले. बाजारभावाने चालणारी व्यवस्था म्हणायची ती हीच का, हे तुम्हीच ठरवा.

भाव गोठवले की झळ तेल कंपन्या सोसतात. 2022-23 च्या पहिल्या सहामाहीत त्या तोट्यात गेल्या आणि क्रूड उतरल्यावर भाव न उतरवता 2023-24 मध्ये त्यांनी भरभरून नफा कमावला. आपण हप्त्याने फेडलं, एवढंच.

क्रूड पडतं तेव्हाची गंमत तर आणखी न्यारी. जून 2014 मध्ये 115 डॉलरला असलेलं क्रूड जानेवारी 2016 मध्ये 30 च्या खाली गेलं. त्या दीड वर्षात केंद्राने उत्पादन शुल्क नऊ वेळा वाढवलं, पेट्रोलवर एकूण 11.77 रुपये आणि डिझेलवर 13.47. स्वस्ताई झाली ती सरकारी तिजोरीची. एप्रिल 2020 मध्ये अमेरिकेत क्रूडचा वायदा, म्हणजे पुढच्या तारखेला माल घेण्याचा आधी केलेला सौदा, शून्याखाली, उणे 37.63 डॉलरला गेला, तेव्हा माझ्या फोनवर घरच्या ग्रुपचा नुसता पूर आला होता: मग आता फुकट का देत नाहीत? फुकट नव्हतंच ते. ओक्लाहोमातल्या कुशिंगला टाक्या तुडुंब भरल्या होत्या, वायद्याची मुदत संपत आली होती आणि ज्यांच्या गळ्यात माल पडणार होता त्यांच्याकडे तो ठेवायला जागा नव्हती. एका दिवसाचा, एका ठिकाणचा भाव. आपल्याकडे मार्च आणि मे मिळून पेट्रोलवर 13 रुपये शुल्क वाढलं, तेही त्याच दिवसांतलं.

इथे एक गोष्ट घरच्यांच्या लक्षात येत नाही. क्रूड पडावं असं तुम्हाला वाटतं, पण क्रूड पडलं की आखातातली कंत्राटं थांबतात. 2015-16 मध्ये रत्नागिरी, दापोली, मंडणगडकडची कितीतरी मुलं कुवेत-सौदीहून बॅगा भरून परत आली. ज्या घरात मोटरसायकलचं पेट्रोल चार पैशांनी स्वस्त होण्याची वाट बघत होते, त्याच घरातली मनिऑर्डर बंद झाली.

रुपयाचंही तसंच. जुलै 2008 मध्ये क्रूड 147 डॉलरला पोचलं होतं, आजवरचा उच्चांक. पण तेव्हा डॉलर 43 रुपयांचा होता. जून 2022 मध्ये क्रूड 120 च्या घरात असताना डॉलर 78 ला होता. गुणाकार करून बघा, दुसरं पिंप आपल्याला दीडपटीच्या आसपास महाग पडलं. रुपया घसरला की इथल्या एक्सचेंजच्या दुकानात पैसे घरी पाठवायला आमची झुंबड उडते, जास्त रुपये हातात पडतात ना! त्यातले काही पुढे पंपावरच जातात, हे कोण सांगणार?

डिझेलची कथा वेगळी. क्रूड एकच, पण त्यातून निघालेल्या पेट्रोलचा आणि डिझेलचा बाजार आपापला. 2022 मध्ये युरोपला रशियाचं डिझेल मिळेनासं होण्याची भीती होती, त्यामुळे जगभर डिझेल क्रूडपेक्षाही जोरात चढलं. त्या जुलैत शारजात डिझेल 4.76 दिरहम होतं, पेट्रोलपेक्षा महाग. याची झळ माझ्या चुलतभावाला बसली ती मात्र मार्चमध्येच. त्याचा ट्रॉलर आहे. मच्छीमार संस्थेच्या पंपावर डिझेल घ्यायचं, राज्याच्या व्हॅटचा परतावा नंतर येतो तेव्हा येतो, असा त्यांचा संसार. पंपावरचे भाव गोठलेले असताना घाऊक ग्राहकांचे भाव मात्र कंपन्यांनी मोकळे सोडले. मुंबईत पंपावर डिझेल 94.14 आणि घाऊक 122 च्या वर! मच्छीमार संस्था घाऊकमध्ये धरल्या गेल्या. भावाचा फोन आला, "दादा, रस्त्यावरचा पंप बोटीला लावता येतो काय रे?" कॅन भरभरून टेम्पोने जेटीवर आणायचा विचारही करून झाला होता त्याचा. एका फेरीला डिझेल, बर्फ, शिधा यांचा खर्च वजा झाल्यावरच तांडेल (बोटीचा म्होरक्या) आणि खलाशांचे वाटे पडतात. डिझेल चढलं की पहिला वाटा कमी होतो तो खलाशाचा. त्या महिन्यात कितीतरी बोटी मासळी असूनही किनाऱ्याला बांधून होत्या.

शारजाच्याच पूर्व किनाऱ्यावरच्या खोरफक्कानला गेलं की शेजारच्या फुजैरा बंदराचे टँकर दिसतात, नांगर टाकून रांगेने उभे. अबुधाबीने 2012 मध्ये हबशानच्या तेलक्षेत्राहून फुजैरापर्यंत पाइपलाइन सुरू केली ती होर्मुझची सामुद्रधुनी, म्हणजे आखाताचं अरुंद तोंड, टाळता यावी म्हणून. मे 2019 मध्ये याच पाण्यात चार जहाजांवर हल्ले झाले. सप्टेंबरमध्ये सौदीच्या अबकैक इथल्या तेल प्रकल्पावर हल्ला झाला, तेव्हा ब्रेंट एका दिवसात 14-15 टक्क्यांनी उसळलं आणि काही आठवड्यांत परत जागेवर आलं. तेल कमी पडण्याआधी ते कमी पडेल ही भीतीच भाव चढवते.

यंदा सगळ्यांत जास्त विचारला गेलेला प्रश्न राजापूरच्या बाजूचा होता. नाणारला, नाहीतर बारसूला रिफायनरी झाली असती तर आपल्याकडे पेट्रोल स्वस्त झालं असतं का? वर्षाला 6 कोटी टनांचा तो प्रकल्प, त्यात 2018 मध्ये सौदी अरामको आणि अबुधाबीची अ‍ॅडनॉक या तेल कंपन्यांची भागीदारी ठरलेली. रिफायनरी हवी की नको, यावर मी परदेशात बसून बोलणं बरं नाही, आंबा-काजूच्या बागा आणि बारसूच्या सड्यावरची कातळशिल्पं माझ्या दारातली नाहीत. पण स्वस्त पेट्रोलसाठी हवी असेल, तर तो मुद्दा डोक्यातून काढा. कंपन्यांचा हिशेब हा माल बाहेरून आणला असता तर काय पडला असता, यावर मुख्यतः बसतो. रिफायनरी शेजारी आहे की हजार मैलांवर, यावर नाही. मुंबईत माहुलला 1954-55 पासून दोन रिफायनऱ्या आहेत, त्यांच्या चिमण्यांचा धूर चेंबूरकर पिढ्यानपिढ्या खातायत. मार्च 2024 मध्ये त्यांच्या पंपावर पेट्रोल 104.21 होतं आणि दिल्लीत 94.72.

खरा फरक कुठे पडतो ते सिंधुदुर्गातल्या माणसाला विचारा. 2012 मध्ये मनोहर पर्रीकरांनी गोव्यात पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ शून्यावर आणला आणि लिटरमागे 11 रुपयांच्या आसपास भाव उतरला. पुढे तो कर हळूहळू परत वाढला, पण बांदा-सावंतवाडीकडचे लोक पत्रादेवीची हद्द ओलांडून गोव्यात टाकी फुल करून यायचे ते तेव्हापासूनच नव्हे, आधीपासूनच. माझी मावशी बांद्याची. तिच्या घरी गोव्यात काही काम निघालं की पहिली सूचना असते, "जाताना गाडी अर्धीच ठेव."