चौथा कागद

मंगळवार, रात्रीचे साडेअकरा

आज चौथा कागद वाया गेला. बर्फ जमत नाही. जलरंगात बर्फाला पांढरा रंग लावायचा नाही, कागद कोरा सोडायचा, हे कळतं. पण कुठे सोडायचा हे आठवेपर्यंत माझा ब्रश तिथून फिरून आलेला असतो.

समोर सॅम्युअल गर्नी क्रेसवेलचं चित्र आहे. ब्रिटिश दर्यावर्दी फ्रँकलिनच्या, आर्क्टिकमध्ये हरवलेल्या जहाजांच्या शोधात १८५० मध्ये निघालेल्या ‘इन्व्हेस्टिगेटर’ जहाजावरचा हा लेफ्टनंट. चित्रातली तारीख २० ऑगस्ट १८५१. बँक्स बेटाच्या उत्तर किनाऱ्याला बर्फाच्या रेट्याने जहाज एका अंगावर कललंय. हे त्याने तिथेच बसून रंगवलं, असं मी वेड्यासारखी धरून चालले होते. कललेल्या डेकवर पाण्याची वाटी ठेवणार कुठे? आणि कडक थंडीत पेन्सिल चालते, ब्रशमधलं पाणी गोठतं. रेखाटनं तिकडची, त्यांवरून आठ रंगीत शिळाछापं (दगडावरून छापलेली चित्रं) निघाली १८५४ मध्ये. म्हणजे आकाशाचा तो करडा रंग थोडा आठवणीतला, थोडा छापणाऱ्याचा. हे लक्षात आल्यावर जरा हायसं वाटलं.

माझ्या हरिहरेश्वरच्या रेखाटनाच्या कडेला लिहिलंय, ‘समुद्र काळसर हिरवा?’ प्रश्नचिन्ह माझंच. दोन वर्षांत उत्तर सापडलेलं नाही.

जहाज पुढे त्याच बेटाच्या मर्सी बे या उपसागरात अडकलं ते सुटलंच नाही. १५ एप्रिल १८५३ ला क्रेसवेल एक तुकडी घेऊन बर्फावरून स्लेज ओढत निघाला आणि त्याच वर्षी इंग्लंडला पोचला. मागच्यांनीही नंतर जहाज सोडलं. दुभाष्या मीर्चिंगची रोजनिशी जहाजावरच राहिली. त्याने ती पुढे आठवून आठवून पुन्हा लिहिली. हे वाचून मी ही वही उगाचच उशीखाली ठेवली. रोजच्या रोज लिहिलेलं गेलं आणि पेन्सिलीच्या रेघा तेवढ्या घरी पोचल्या!

२०१० च्या जुलैमध्ये कॅनडाच्या पुरातत्त्वज्ञांना ते जहाज त्याच उपसागरात सापडलं. तळावर सरळ उभं. मी मात्र चार कागद ते कललेलं काढतेय, आणि चारही वेळा जास्तच कललंय.

उद्या आधी बर्फाची जागा पेन्सिलीने आखून घेईन. पेन्स ग्रे हा करडा रंग संपत आलाय, निळ्या अल्ट्रामरीनमध्ये थोडा तपकिरी बर्न्ट सिएना मिसळून बघते.