४४२चा सूर

आयोजकांचा फोन आला तेव्हा मी दादरला एका जुन्या उभ्या पियानोच्या पोटात डोकं घालून बसलो होतो. "व्हायब्रफोन मिळाला एकदाचा, पण त्यावर ४४२ लिहिलंय. चालेल ना?" कार्यक्रम चौथ्या दिवशी होता आणि जुलैचा पाऊस कोसळत होता.

मी पियानो ट्यूनर आहे. मुंबईत हे काम करायला लागून सव्वीस वर्षं झाली. पियानोचा मधला 'ए' हा स्वर सेकंदाला ४४० कंपनांवर लावायचा, हे जगभर मानलेलं माप. व्हायब्रफोन, म्हणजे मॅलेटने (डोक्याला गोळा असलेल्या काठीने) वाजवायचं पट्ट्यांचं वाद्य, मात्र पुष्कळदा ४४२चा बनतो. त्याच्या पट्ट्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या असतात, साधारणपणे ३७, आणि कारखान्यात खालून घासून एकदा त्यांचा सूर ठरला की ठरला. जलतरंगात पाणी घालून सूर उतरवता येतो, तसं इथे काहीच करता येत नाही. गायकाच्या पट्टीप्रमाणे तंबोरा लागतो, पण पेटी असेल तिथेच राहते. इथे व्हायब्रफोन म्हणजे पेटी होती आणि तंबोरा व्हायचं होतं पियानोला. पियानोत मात्र तारा असतात सुमारे २३०, आणि त्या सगळ्यांचा मिळून ताण अठरा ते वीस टन.

दोन कंपनांचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो. पण दोन्ही वाद्यांवर तोच ए एकदम वाजला की आवाज फुगतो-ओसरतो, सेकंदाला दोन लाटा उठतात, वरच्या सप्तकात चार. गाण्याच्या मैफिलीत याला कणसूर म्हणतात आणि जाणकार श्रोता तिथेच कपाळाला आठी घालतो. पियानो ४४२ला चढवायचा म्हणजे एकूण ताण जवळजवळ एक टक्क्याने, पावणेदोनशे किलोंच्या आसपास, वाढवायचा. आणि एका बाजूच्या तारा ओढल्या की दुसऱ्या बाजूच्या उतरतात, म्हणून सगळं काम दोनदा करायचं.

मी आयोजकांना सांगितलं, "उद्या सकाळी सभागृह उघडून द्या. आणि एसी मी सांगेन तेव्हा लावायचा, सांगेन तेव्हाच बंद."

कार्यक्रम असा होता. परदेशातल्या एका संगीत महाविद्यालयातून जॅझची पदवी घेतलेली आणि पदवीच्या वर्षी पुरस्कार मिळवलेली आपल्याकडची चार मुलं, आणि त्यांच्यासोबत वाजवायला अमेरिकेहून आलेल्या एक ज्येष्ठ डबल बेसवादक बाई. दिवसभर तालीम, संध्याकाळी कार्यक्रम. व्हायब्रफोन वाजवणारी मुलगी नाशिकची, पियानोवाला मुलगा म्हापशाचा. ड्रम्स आणि सॅक्सोफोनवाले दोघं मुंबईचेच.

परदेशी बुजुर्ग आणि आपली तरुण पोरं एका मंचावर, ही जोडी या शहराला नवी नाही. १९३५ साली अमेरिकेतल्या लिऑन ॲबीचा जॅझ बँड ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला, पुढे पियानोवादक टेडी वेदरफर्ड आले. त्यांचं ऐकत, त्यांच्या शेजारी बसत गोव्याच्या वादकांनी जॅझ हातात आणलं. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मेस्त्रींनी त्यांना लहानपणीच स्वरलिपी वाचायला शिकवलेली होती, त्यामुळे कागद त्यांना अडत नसे. कागदावर नसलेलं त्यांनी कानाने घेतलं. त्यातलेच आल्डोण्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट पुढे सी. रामचंद्रांच्या सोबत आले आणि मराठी घरांतल्या रेडिओवर ट्रम्पेट घुमू लागला. मला हे सगळं माझ्या गुरूंकडून कळलं. धोबीतलावाजवळ राहणारे ते गोंयकार ट्यूनर. आम्ही त्यांना अंकल म्हणायचो. अंकल हातोडीपेक्षा, म्हणजे तारांच्या खुंट्या पिळायच्या आमच्या हत्यारापेक्षा, कानाबद्दल जास्त बोलायचे. दोन तारांमधल्या बीटला ते 'ल्हार' म्हणायचे, म्हणजे लाट. "तार ऐकू नको, ल्हार ऐक," एवढंच पहिली दोन वर्षं.

दुसऱ्या दिवशी सभागृहात पियानो उघडला आणि एसी लावण्याआधी सूर मोजला. मधला ए ४४३च्या थोडा खाली होता. मला खरंच आनंद झाला. आठवडाभर बंद दालनात दमट हवा खाऊन साउंडबोर्डचं, म्हणजे तारांखालच्या आवाज वाढवणाऱ्या फळीचं, लाकूड फुगलं होतं. ते फुगलं की त्यावरचा ब्रिज, म्हणजे तारा टेकतात ती घोडी, वर सरकतो, तारा ताणल्या जातात आणि सूर चढतो, मधल्या भागात सर्वांत जास्त. एरवी पावसाळ्यात मी याच्याशीच भांडत असतो. या वेळी पावसाने माझं निम्मं काम आधीच करून ठेवलं होतं. खर्जाच्या आणि अगदी वरच्या तारा तेवढ्या मागे होत्या.

आता प्रश्न होता तो सूर तिथे धरून ठेवायचा. एसी लावला की पोलादी तारा गार होऊन आधी किंचित चढतात. मग दोन-तीन दिवसांत लाकूड सुकतं आणि सगळंच खाली येऊ लागतं. म्हणून एसी एकाच तापमानावर, रात्रंदिवस, कार्यक्रम संपेपर्यंत चालू ठेवायला लावला. व्यवस्थापकांनी वीजबिलाचा विषय काढला. मी त्यांना पियानोजवळ नेलं, एक स्वर वाजवून दाखवला आणि मग त्याच्या तीन तारांपैकी एक केसभर उतरवून पुन्हा वाजवला. ते गृहस्थ भजनी मंडळात पेटी वाजवणारे निघाले. बिलाचं पुन्हा काही बोलले नाहीत.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी सातला मी शेवटचा हात फिरवायला बसलो. पट्ट्यांवरून मऊ मॅलेटने ए घेतला आणि पियानो त्याला मिळवत गेलो. तासाभराने मागे वळून पाहिलं तर तिसऱ्या रांगेत बाई बसलेल्या. कधी आल्या कळलंच नाही. मी थांबलो, तशी त्यांनी हातानेच 'चालू द्या' म्हटलं. त्या तशाच आणखी पाऊण तास बसून राहिल्या. पियानो लागताना तासभर ऐकत बसणारी व्यक्ती या सव्वीस वर्षांत मला त्याआधी भेटली नव्हती. ते ऐकणं कंटाळवाणं असतं. एकच स्वर, पुन्हा तोच स्वर, पुन्हा तोच.

दहाला तालीम सुरू झाली. चारही मुलं तयारीची. बोटं अशी धावत होती की मी हातोडी गुंडाळता गुंडाळता थांबलो. पण एकत्र वाजवायला लागली की काहीतरी गढूळ व्हायचं. सॅक्सोफोनवाला मुखनळी पुढेमागे करून पाहत होता, त्याला वाटलं त्याचाच सूर हललाय. व्हायब्रफोनवाली माझ्याकडे पाहू लागली आणि माझ्याही पोटात गोळा आला. पियानो उतरला की काय?

बाईंनी वादन थांबवलं. मुलीला व्हायब्रफोनची मोटर बंद करायला सांगितली. पट्ट्यांखालच्या नळ्यांच्या तोंडाशी गोल चकत्या फिरतात, त्यामुळे आवाजाला एक सुंदर हेलकावा येतो. मोटर बंद झाली आणि सूर कोरा ऐकू येऊ लागला. मग त्यांनी मला बोलावलं. मी सकाळी मोठा तिसरा (मेजर थर्ड, पहिल्या आणि तिसऱ्या स्वराची जोडी) कसा तपासत होतो, ते मुलांना दाखवायला सांगितलं.

मला घाम फुटला. ही मुलं चार वर्षं शिकून, बक्षिसं घेऊन आलेली. मी त्यांना काय दाखवणार? पण बाई वाट पाहत होत्या. मी मधल्या सी-खालचे एफ आणि ए एकदम दाबून धरले आणि म्हटलं, "स्वर ऐकू नका. त्यांच्यामध्ये जी थरथर आहे, ती मोजा." सेकंदाला जवळजवळ सात. पियानोच्या समान बारा भागांच्या सप्तकात ती असतेच, असावीच लागते. आपल्या भाषेत सांगायचं तर हा षड्ज आणि गंधार. तंबोरा नीट लागला की खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गंधार आपोआप उमटतो, तो शांत असतो, त्याला लाट नसते. पियानोचा गंधार त्याहून चढा आहे. बारा स्वरांत कुठूनही सुरुवात करता यावी म्हणून प्रत्येक गंधाराने थोडं सोसायचं, असा तो समझोता आहे.

म्हापशाच्या मुलाने डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाला, "अंकल, परत एकदा." मी पुन्हा दाबलं. पाच-सहा वेळा.

त्यानंतर बाईंनी जे केलं, ते मला आयुष्यभर पुरेल. त्यांनी पियानो आणि व्हायब्रफोन दोघांना एकच कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवायचे तेच स्वर, धरायला सांगितली, जशी ते मघाशी धरत होते. दोघांच्या हातात गंधार होता. दोन्ही वाद्यं ४४२ला चोख मिळालेली, तरी दोन गंधार एकमेकांना घासत होते. तारेचा आवाज वेगळा विरतो, धातूचा वेगळा, आणि प्रत्येकाची थरथर आपापली. मग बाई म्हणाल्या, एकानेच घ्या. कोण घेणार ते आधी ठरवू नका, ऐकून कळेल.

पुढचे दोन तास हाच धडा चालला. जॅझमध्ये कॉर्डचा स्वभाव तिसऱ्या आणि सातव्या स्वरात असतो, तळाचा स्वर बेस देतोच. म्हणून पियानोवाल्याला डाव्या हाताने फक्त तेवढे दोनच स्वर घ्यायचे होते, आणि समोरच्याने त्यातला एक घेतला असेल तर तोही सोडायचा. एक संपूर्ण बारा बारांचा ब्लूज (चार-चार मात्रांच्या बारा खणांची फेरी) त्याला हात मांडीवर ठेवून नुसता ऐकायला लावला. त्याचा चेहरा पडला होता. बक्षीस मिळालेल्या हातांना गप्प बसवणं सोपं नसतं. बाई त्याला एक शब्दही लागेल असं बोलल्या नाहीत, बेस वाजवत राहिल्या. तिसऱ्या फेरीला त्याने एकच स्वर टाकला, सातवा, अगदी हलक्या हाताने. मुलीने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं आणि आपल्या चार मॅलेटपैकी दोन उचलून धरली. गढूळपणा तिथे गेला. सॅक्सवाल्याने मुखनळीला हात लावणं बंद केलं.

दुपारी जेवताना मुलगी माझ्याशेजारी येऊन बसली. "काका, मला वाटायचं आमचं ट्यूनिंग चुकतंय. चार वर्षं वाटत होतं." एवढंच बोलली आणि वरणभात कालवत राहिली.

संध्याकाळी पावसाने जोर धरला, तरी सभागृह बरंच भरलं. पहिला भाग उत्तम चालला होता, पण दिव्यांची उष्णता तारांवर पडत होती आणि तारा तापल्या की सैलावतात. चौथ्या रचनेत वरच्या सप्तकातला एक ई फुटलेला मला ऐकू आला. तीन तारांपैकी एक खाली गेली होती. श्रोत्यांपैकी कुणाला कळलं असेल असं वाटत नाही, पण मला खुर्चीत बसवेना.

मध्यंतर पंधरा मिनिटांचं. चहाचे कप, खुर्च्यांचे आवाज, माईक सरकवणारी माणसं. अशा गोंगाटात युनिसन लावणं, एका स्वराच्या तिन्ही तारा एकमेकींना मिळवणं, म्हणजे जत्रेत घड्याळाची टिकटिक ऐकणं. मी मंचावर गेलो तर मुलगी आधीच व्हायब्रफोनपाशी उभी होती. मोटर बंद. तिने ई ची पट्टी मऊ मॅलेटने छेडली, विरू दिली, पुन्हा छेडली. "हवा तेवढा वेळ वाजवते, काका." सॅक्सवाला मंचावरच्या कामगारांना हात जोडून शांत राहायला विनवत होता. तीन स्वर सुटलेले निघाले. बाकीच्या तारा गप्प करायला फेल्टची पट्टी खोचली, लाट थांबेपर्यंत तारेची खुंटी हलवली, पट्टी काढली. दहा मिनिटांत झालं. पडदा बाजूला व्हायच्या आधी बाईंनी माझ्या खांद्यावर थाप मारली आणि आपल्या जागी गेल्या.

दुसऱ्या भागात एक संथ रचना होती. बाईंनी दिवसभरात स्वतःसाठी एकही सोलो ठेवला नव्हता आणि तिथेही घेतला नाही. शेवटच्या कॉर्डला बेसने तळ दिला, पियानोने सातवा स्वर ठेवला आणि लगेच पेडलवरून पाय उचलला. गंधार फक्त व्हायब्रफोनकडे होता. मोटर बंद होती. तो एकटा स्वर पावसाच्या आवाजात हळूहळू विरत गेला आणि तो विरेपर्यंत सभागृहात कुणी हललं नाही. मी विंगेत उभा होतो. किती वेळ गेला ते मोजलं नाही. एरवी मी सगळं मोजतो.

पुढच्या आठवड्यात त्याच पियानोवर दुसरा कार्यक्रम होता, ४४०चा. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळीच तो उतरवायला गेलो. दार उघडलं तर म्हापशाचा मुलगा पायरीवर बसलेला, छत्री बाजूला गळतेय. "अंकल, मी नुसता बसू?"

तो दोन तास मंचावर जमिनीवर बसला, काही न बोलता. मी मधलं सप्तक उतरवून घेतलं, फेल्टच्या पट्ट्या बदलल्या, खर्जाकडे वळलो. मग तो उठून जवळ आला आणि हातोडीकडे पाहत विचारलं, "हात लावू?"

मी मधल्या ए च्या उजव्या तारेवर हातोडी बसवली, केसभर सैल केली आणि दांडा त्याच्या हातात दिला.

"तार ऐकू नको," मी म्हटलं.