काय कमी होतं त्याला?

आज परत आत्याचा फोन आणि परत तेच, अगं काय कमी होतं गं दादाला, मामाकडे सगळं मिळत होतं, चांगली शाळा, कपडेलत्ते, तरी पोरगा दारूत कसा गेला. तेव्हा ऐकून घेतलं पण डोक्यातून जातच नाहीये म्हणून लिहून काढतेय.

दादा सहा वर्षांचा असताना त्याला मामाकडे ठाण्याला ठेवला कारण अण्णा, म्हणजे आमचे वडील, पिऊन आले की आईला मारायचे आणि हा मधे पडायचा. मार चुकला हे खरंय. पण आईची साथही सुटली ना! मामी सांगते सुरुवातीला रोज रडून गोंधळ घालायचा, मग नुसता दारात बसून राहायचा आणि मग तेही बंद झालं, आई भेटायला आली तरी खेळणं सोडून उठायचा नाही. सगळे म्हणाले रुळला. लंडनमध्ये रॉबर्टसन आणि बोल्बी या लहान मुलांच्या मनाचा अभ्यास करणाऱ्या दोघांनी आईवडिलांपासून लांब हॉस्पिटलात राहिलेली लहान मुलं पाहिली होती, त्यांनी अगदी हेच लिहून ठेवलंय, आधी आकांत, मग उदास गप्प, मग जणू कुणाची गरजच नाही. हे वाचलं तेव्हा मला दादाच दिसला.

आणि मेंदूचा भाग तर अजूनच आत लागतो. याक पॅन्कसेप नावाच्या शास्त्रज्ञाने १९७८ मध्ये दाखवलं की आईपासून तोडलेल्या कुत्र्याच्या पिल्लांना अगदी थोडंसं मॉर्फिन (अफूपासूनचं औषध) दिलं की त्यांचं रडणं कमी होतं. म्हणजे जवळच्या माणसाने जे शांत होतं तेच नशेनेही होतं, निदान थोडा वेळ. दारूनेही मेंदूत एंडॉर्फिन सुटतं, म्हणजे शरीराचं स्वतःचं मॉर्फिनसारखं रसायन, आणि दारू सुटावी म्हणून नाल्ट्रेक्झोनची गोळी देतात ती मेंदूतल्या ज्या जागांवर (रिसेप्टर) हे रसायन काम करतं त्याच अडवते. दादा एकदा म्हणाला होता पहिल्यांदा प्यायलो तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा घरी आल्यासारखं वाटलं. आत्याला हे कसं सांगू!

१९९८ मध्ये अमेरिकेत फेलिटी आणि अँडा या डॉक्टरांचा अभ्यास आला होता, लहानपणी मारहाण झाली का, आईला मारताना पाहिलं का, घरात कुणी पिणारं होतं का असे प्रश्न हजारो लोकांना विचारले. असे चार किंवा जास्त प्रकार ज्यांच्या वाट्याला आले त्यांच्यात दारू, ड्रग्ज, डिप्रेशन, आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका ४ ते १२ पट निघाला. आणि ही गरीब वस्तीतली माणसं नव्हती, बरीचशी शिकलेली, इन्शुरन्स असलेली होती, त्यांनाही वरून काही कमी नव्हतंच.

अर्थात धोका म्हणजे नशीब नाही. मीही त्याच घरातली, पण मला आजी होती, अण्णांचा आवाज चढला की ती मला कुशीत घेऊन आतल्या खोलीची कडी लावायची. दादाला ठाण्यात अशी आजी नव्हती. आम्हा दोघांत एवढाच फरक आहे असं मला मनापासून वाटतं, मी शहाणी आणि तो वाया गेलेला असं अजिबात नाही. दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगला त्यालाच जायचंय, गोळ्या त्यालाच घ्यायच्यात, ते त्याच्याऐवजी कुणी करू शकत नाही, पण म्हणून त्याला कोडगा म्हणायचा हक्क कुणाला मिळत नाही.

दिवाळीनंतर स्लिप झाली, म्हणजे तो परत प्यायला, आणि आता तो परत व्यसनमुक्ती केंद्रात आहे. शनिवारी फॅमिली सेशन आहे, आईलाही नेतेय. काउन्सेलरना विचारणार आहे की ठाण्याच्या त्या वर्षांबद्दल कुणी त्याच्याशी बोललंय का, आणि डिस्चार्जनंतर ट्रॉमावर काम करणारं कुणी सुचवाल का.