गेम खेळायचा संगणक वेगळा, बनवायचा वेगळा

बेळगावात संगणक जुळवून देण्याच्या माझ्या व्यवसायात ‘गेमिंग पीसी’ मागणारी मुले रोजच येतात. गेम बनवण्यासाठी संगणक हवा, असे सांगणारा ग्राहक मात्र क्वचित येतो. गेल्या पावसाळ्यात येळ्ळूरचा एक विद्यार्थी वडिलांना घेऊन आला, तो या दुसऱ्या प्रकारातला होता. वडील उद्यमबागेतील एका कारखान्यात लेथवर काम करणारे. मॉनिटर घरी आहे आणि 60 हजारांच्या वर जायचे नाही, हे त्यांनी खुर्चीवर बसण्याआधीच सांगून टाकले.

मुलाने वहीच्या पानावर यादी लिहून आणली होती. सर्वांत वर आरटीएक्स 3060 हे 12 जीबीचे ग्राफिक्स कार्ड, आणि त्यातून उरलेल्या पैशांत चार कोअरचा (एकाच वेळी काम करणारे चार भाग असलेला) प्रोसेसर, 8 जीबी रॅमची एकच पट्टी, फाइली साठवायला 240 जीबीची साटा एसएसडी आणि ‘कोणताही’ पॉवर सप्लाय. नुसते खेळायचे असते, तर ही यादी एक वेळ चालून गेली असती. मी यादी बाजूला ठेवली आणि काम दाखवायला सांगितले. राजहंसगडावर घडणारा, फोनवरही खेळता येईल असा त्रिमितीय गेम तो गोडो या गेम बनवायच्या इंजिनमध्ये बनवत होता, बुरूज आणि तटबंदी ब्लेंडर या त्रिमितीय आकारांच्या सॉफ्टवेअरमध्ये घडवत होता. दोन्ही सॉफ्टवेअर मोफत असल्यामुळे तिथे खर्चाचा प्रश्न नव्हता.

दुकानात चाचणीसाठी ठेवलेल्या संगणकात योगायोगाने त्याच्या यादीइतकीच रॅम आणि बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड होते. पेनड्राइव्हवरचा प्रकल्प त्यावर उतरवून गोडो, ब्लेंडर आणि ब्राउझर असे तिन्ही एकदम उघडले, कारण घरी तो तसेच काम करणार होता, आणि शेजारी कोणत्या भागावर किती भार आहे ते दाखवणारा टास्क मॅनेजर लावून ठेवला. पोत, म्हणजे आकारांवर चढवायची पृष्ठभागांची चित्रे, आयात होऊ लागताच प्रोसेसरचे सगळे कोअर भरले, रॅम काठोकाठ गेली, मग विंडोज मेमरीतला मजकूर डिस्कवर ढकलू लागली आणि माउससुद्धा अडखळू लागला. या सगळ्या वेळात ग्राफिक्स कार्डाची रेषा मात्र तळाशीच पडून होती. तटाच्या दगडांसाठी त्याने 4096 × 4096 पिक्सेलची चित्रे वापरली होती. पिक्सेलमागे चार बाइट धरले, तर असे एक चित्र उलगडल्यावर मेमरीत 64 एमबी जागा घेते. 2048 चे घेतले, तर 16 एमबीत भागते. फोनच्या पडद्यावर या दोन दगडांतला फरक कोणाला दिसणार, असे मी विचारले तेव्हा तो हसला.

वडील इतका वेळ गप्प बसून पडद्याकडे पाहत होते. ते म्हणाले, “म्हंजे चक मोठा आणि मोटर बारकी, असं झालंय की ओ हे.” चक म्हणजे लेथवर काम पकडून फिरवणारा भाग; मला याहून नेमके सांगता आले नसते.

मग यादी उलटी केली. सहा कोअर आणि बारा थ्रेडचा (एकाच वेळी बारा कामे हाताळणारा) रायझन 5 5600जी प्रोसेसर घेतला, ज्याच्या आतच ग्राफिक्स असते, आणि वेगळे कार्ड तूर्त वगळले. आतले ग्राफिक्स मुख्य रॅमच वापरत असल्यामुळे रॅमचा वेग त्याला थेट जाणवतो. म्हणून 32 जीबीची एक पट्टी न घेता 16 च्या दोन घेतल्या, म्हणजे रॅम आणि प्रोसेसरमधले दोन्ही चॅनल (ये-जा करायचे मार्ग) चालू राहतात. साटा एसएसडी सेकंदाला साधारण 550 एमबीपर्यंतच जाते, तेव्हा 1 टीबीची, त्याहून वेगवान एनव्हीएमई प्रकारची एसएसडी घेतली. पॉवर सप्लाय मात्र आज गरज नसताना 550 वॅटचा, 80 प्लस ब्रॉन्झ (वीज कमी वाया घालवण्याचे मानांकन) असलेला घेतला, म्हणजे पुढे कार्ड बसवताना तो बदलावा लागणार नाही. (पॉवर सप्लायमध्ये पैसे वाचवणाऱ्या ग्राहकाशी मी वाद घालतो, आणि तो ऐकत नसेल तर वॉरंटीच्या अटी बिलावर लिहून देतो.) काम मध्येच वीज जाऊन बुडू नये म्हणून एक छोटा यूपीएसही यादीत घातला.

कार्ड गेल्याचे मुलाला वाईट वाटले, हे दिसत होते. अनरियल इंजिन 5 हे गोडोपेक्षा जड गेम इंजिन शिकायचे ठरले तर काय, असे त्याने विचारले, आणि प्रश्न रास्त होता: ते बनवणाऱ्या एपिक कंपनीची स्वतःचीच शिफारस 32 जीबी रॅम आणि 8 जीबी किंवा त्याहून अधिक ग्राफिक्स मेमरीची आहे. त्यातली पहिली अट आजच पुरी होते, दुसरीसाठी मदरबोर्डवर जागा मोकळी आहे, असे मी सांगितले. शिवाय त्याचा गेम खेळणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांकडे कार्ड नसलेला लॅपटॉप किंवा साधा अँड्रॉइड फोन असणार; आपल्याच मशीनवर गेम रखडला, तर तो कुठे जड झाला आहे ते त्याला सर्वांआधी कळेल.

रंगीत दिव्यांची केस काढून साधी घातल्यावर बिल 60 हजारांच्या आत बसले. उरलेल्या रकमेत चाचणीसाठी एखादा जुना फोन घ्यावा, असे मी सुचवले. वडिलांनी घरातला जुना फोन चालेल का, एवढेच विचारले आणि पैसे खिशात ठेवले.