टॉप हॅटभर पिसं, एक चेंडू

एडिंबरा, किल्ला, पाऊस, पुन्हा पाऊस. ते सोडून थेट सेंट अँड्र्यूजवर येते, म्हणजे स्कॉटलंडमधल्या गोल्फच्या पंढरीवर. भाचा शेजारच्या डंडीत दंतवैद्यक शिकतो, त्याच्या हट्टापायी गेले. मला गोल्फमधलं ओ की ठो कळत नाही. गावाला रेल्वे स्टेशन नाही, म्हणून बस. रविवारी ओल्ड कोर्सवर, म्हणजे तिथल्या जुन्या गोल्फ मैदानावर, खेळ बंद, त्यामुळे हिरवळीवर कुत्री नि मुलं मोकाट आणि स्विल्कनच्या चिमुकल्या दगडी पुलावर फोटोसाठी रांग. त्या बोचऱ्या वाऱ्यात रांग लावणं मला जमेना. समोरच्या गोल्फ म्युझियममध्ये शिरले, ते निव्वळ उबेसाठी.

आणि जुन्या चेंडूंपाशीच अडकले. आधी फेदरी, म्हणजे पिसं भरलेला कातडी चेंडू. तुरटीच्या पाण्यात भिजवलेलं कातडं शिवायचं, उलटायचं, ठेवलेल्या फटीतून उकळलेली पिसं ठासायची. एका चेंडूला टॉप हॅट भरून पिसं! वाळताना कातडं आकसतं, पिसं फुगतात आणि चेंडू दगडासारखा टणक होतो. मुरलेल्या कारागिराचेही दिवसाला जेमतेम तीन-चार व्हायचे. ओल्या गवतात शिवण उसवली की पैसे पाण्यात.

ॲलन रॉबर्टसन इथलाच. पट्टीचा खेळाडू, पण पोट या चेंडूंवर. 1848च्या सुमारास गटापर्चाचा चेंडू आला. मलायातल्या झाडांचा चीक. गरम पाण्यात मऊ करायचा नि वळायचा, बिघडला तर पुन्हा वळायचा. स्वस्त आणि टिकाऊ. रॉबर्टसनकडे काम करणारा टॉम मॉरिस तो वापरू लागला आणि दोघांचं बिनसलं. 1851मध्ये टॉम स्कॉटलंडमधल्याच प्रेस्टविक गावी गेला. लोक टॉमचे गोडवे गातात, मला मात्र रॉबर्टसनचीच कणव आली. त्यात गंमत म्हणजे नवा गुळगुळीत चेंडू नीट उडेना, ओरखडे पडलेला बरा जाई. मग हातोडीने मुद्दाम खाचा पाडू लागले!

या शोधाचं श्रेय रॉबर्ट पॅटरसनला देतात. म्हणे त्याच्याकडे पूर्वेकडून विष्णूची मूर्ती आली, तिच्याभोवती पॅकिंगला गटापर्चा होतं, त्याचाच त्याने चेंडू वळला. खरंखोटं विष्णूच जाणे. पण मूर्ती कुठल्या देवळातली, कुणी उचलून पाठवली, याचं सांगणाऱ्यांना काही नाही. सगळा जीव पॅकिंगमध्ये! मी भाच्यापाशी यथेच्छ कुरकुरले.

"मावशी, गटापर्चा तुझ्या तोंडातही आहे," तो म्हणाला. "रूट कॅनॉल केलंस ना? त्यात तेच भरतात."

पुढच्या कपाटात रबरी धागा गुंडाळलेला अमेरिकन हॅस्केल चेंडू होता. भाचा त्याबद्दल बरंच सांगत होता. मी जिभेने दाढ चाचपत होते.