ग नसलेली कॉर्ड: गिटारवर पंचमांची चळत

गणपतीत कोकणातल्या भजनांना हल्ली पेटी, पखवाज, झांजा यांच्या कडेला एखादी गिटारही दिसते. गिटारवाला बुवांचा सूर विचारतो, ‘काळी एक’ (पेटीची पहिली काळी पट्टी) कळली की सी शार्प मेजर धरतो, आणि बुवांनी कोमल गंधाराला हात लावला की सगळं कडू होतं. यात हाताची चूक नसते. कॉर्ड म्हणजे एकदम वाजवलेले तीन किंवा जास्त स्वर. मेजर कॉर्डमध्ये शुद्ध ग ठाण मांडून बसलेला असतो, मायनरमध्ये कोमल ग. गाणारा एकाच ओळीत दोन्ही घेऊ शकतो, कॉर्डला ती सोय नाही.

म्हणून ग काढूनच टाकायचा. सा, त्याचा पंचम (त्याच्यापासून मोजून पाचवा स्वर) प, आणि प चा पंचम म्हणजे वरच्या सप्तकातला रे. तीन स्वर, एकावर एक रचलेले, हीच पंचमांची चळत. अशी कॉर्ड मेजरही नसते, मायनरही नसते, त्यामुळे गाणाऱ्याच्या वाटेत येत नाही.

गिटारवर ती बांधायला पाठांतर लागत नाही. लगतच्या दोन तारांत पाच पडद्यांचं अंतर असतं (एक पडदा म्हणजे अर्धा स्वर) आणि पंचम सात पडद्यांचा. म्हणजे पुढच्या तारेवर जाऊन दोन पडदे वर सरकलं की पंचम मिळाला. अपवाद एकच: तिसऱ्या आणि दुसऱ्या तारेत चारच पडदे आहेत, तिथे तीन सरकायचं. (सर्वांत बारीक तार पहिली, हे धरून चालू.) काळी एकसाठी पाचवी तार ४, चौथी ६, तिसरी ८ (आकडे पडद्यांचे). बोटं तर्जनी, मधलं आणि करंगळी.

इथेच बहुतेकांचा हात अडकतो. ६५० मिलिमीटरच्या गिटारवर चौथ्या ते आठव्या पडद्याचं अंतर जवळपास १०६ मिलिमीटर भरतं. करंगळी पडद्याला न भिडता मागेच राहते आणि तिसरी तार झणझणते. अंगठा मानेवरून डोकावत असेल तर तो खाली, मानेच्या मागे मधोमध आणा, हात लगेच उघडतो. तरीही पोहोचत नसेल तर हेच तीन स्वर एक तार अलीकडे घ्या: सहावी ९, पाचवी ११, चौथी १३. सप्तकसुद्धा तेच, पण बोटांना आता ८० मिलिमीटरच ताणायचं आहे. आवाज जरा जाडसर येतो, पखवाजासोबत तो मला उलट बरा वाटतो. क्लासिकल गिटारची मान मात्र बाराव्या पडद्याशी खोक्याला मिळते, तिथे तेरावा पडदा अडचणीचा.

दुसरी गोची मोकळ्या तारांची. काळी एक सा धरला तर मोकळी सहावी आणि पहिली तार, दोन्ही ई, म्हणजे नेमका कोमल ग! आपण मेहनतीने हाकललेला स्वर स्ट्रम करताना मागच्या दाराने आत येतो. ४-६-८ धरताना तर्जनीचं टोक सहाव्या तारेला हलकेच टेकवून ठेवा आणि उजवा हात पाचवी ते तिसरी एवढाच फिरवा.

याहून सोपी वाट हवी असेल तर कॅपो (सगळ्या तारा एका पडद्यावर दाबून धरणारा चिमटा) चौथ्या पडद्यावर लावा. कॅपोपासून मोजून दुसऱ्या पडद्यावर चौथी आणि तिसरी तार दाबा, बाकी मोकळ्या. पाचवीपासून खाली सा, प, सा, रे, प मिळतात, आणि चुकून सहावी वाजली तरी तोही पंचमच. नवशिक्याला भजनात बसवायचं तर मी हीच देईन. मात्र इथे रे आतल्या बाजूला येतो, त्यामुळे चळतीचा तो उघडा, लांब पसरलेला आवाज जातो. एका बोटाचं काम हवं असेल तर सहाव्या पडद्यावर पाचवी, चौथी, तिसरी या तारा आडव्या तर्जनीने दाबा: रे, प, सा. पंचम उलटा केला की मध्यम होतो, आणि गिटार मुळात मध्यमांत लावलेली असते. फक्त तळाला सा राहत नाही, तो पेटीने धरायला हवा.

चळत पुढे वाढवली तर गंमत सुरू होते. सा, प, रे, ध, ग. एका सप्तकात आणून बघा, हा भूप! या पाचांत कुठेही अर्ध्या स्वराचं अंतर नाही, म्हणून पाचही एकदम वाजले तरी टोचत नाहीत. सहावा येतो नी, आणि तो सा ला घासतो. सातवा तीव्र म, की झाला कल्याण थाट. भूपाची पाचस्वरी कॉर्ड काळी एकमध्ये अशी: पाचवी ४, चौथी ३, तिसरी ३, दुसरी ४, पहिली ४. मधलं बोट पाचवीवर, तर्जनी आडवी चौथी-तिसरीवर, अनामिका आडवी दुसरी-पहिलीवर. पहिली तार मुकी राहत असेल तर तिच्यासाठी करंगळी वेगळी वापरा. पण यात शुद्ध ग परत आला आहे, तेव्हा भूपाच्या अंगाच्या चालीलाच वापरायची. चळत सा च्या खालून, मध्यमापासून सुरू केली तर म, सा, प, रे, ध हा दुर्गा होतो.

सा-प-रे सगळीकडे चालेल असं समजू नका. भैरवीत रे कोमल, तिथे शुद्ध रे टाकला की बुवा वळून बघणारच. तिथे म-सा-प घ्या: सहावी २, पाचवी ४, चौथी ६. भैरवातही तीच चालते. मालकंसात रे नाही आणि प सुद्धा नाही, म्हणून कोमल नी-म-सा.

आता सुरात लावणं. ग असलेल्या कॉर्डमध्ये थोडाफार बेसूर झाकला जातो, नुसत्या पंचमात डोळ्यांत भरतो. पाचव्या आणि सातव्या पडद्यावरचे हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेले सूर) जुळवून तारा लावू नका. तो पंचम शुद्ध, ७०२ सेंटचा (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग). पडदे बसवलेत ७०० च्या हिशेबाने. प्रत्येक तारेला दोन सेंट असे सहावीवरून तिसरीवर येईपर्यंत सहा सेंट उतरतात.

मालवण-वेंगुर्ल्याच्या खाऱ्या हवेत तारांना गंज लवकर चढतो आणि गंजलेली तार नव्या ट्यूनरवरही एका सुरात थांबत नाही. वाजवून झाल्यावर कोरडं सुती कापड तारांच्या वरून आणि खालूनही फिरवायचं. पावसाळ्यात गिटारचं पोट फुगून तारा उचलल्या जातात. जास्त खोल दाबाव्या लागल्या की सूर चढतो, आणि वर सांगितलेल्या ९-११-१३ ला हे सर्वांत आधी जाणवतं. त्या दिवसांत ४-६-८ च बरी.

शेवटी पेटी. तिचे सूर बसल्या जागी बदलता येत नाहीत. ती प्रमाण सुरात, म्हणजे ए ४४० हर्ट्झला, नसेल तर बुवांची काळी एक दाबून ठेवायला सांगा, पाचवी तार चौथ्या पडद्यावर तिच्याशी मिळवा, मग ट्यूनरचा ए त्या मोकळ्या पाचवीला जुळेपर्यंत सरकवा आणि उरलेल्या पाच तारा त्यावर लावा. कॅपो लावायचा असेल तर लावल्यावर पुन्हा एकदा तपासा, त्याच्या दाबाने जाड तारा हमखास चढतात.